चाचपून ओळखणं

लग्न होऊन महिनाच झाला होता. ओहोटीच्या वेळी सासूबाई खाडीत वाकून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढत होत्या. नजर पलीकडच्या होडीवर, बोटं चिखलात. मीही हौसेने एक मिटलेली तिसरी त्यांच्या टोपलीत टाकली. त्यांनी ती अंगठ्याने चाचपली आणि लांब फेकली. "हिच्यात नुसतो चिखल आसा गो. ही शिजली तर सगळा कालवण वाया जातला."

"कसं कळलं?"

"कळता," त्या म्हणाल्या आणि त्यांची बोटं पुन्हा चिखलात गेली.

मला समुद्रातलं प्रवाळ आठवलं. त्याला तर डोळेच नाहीत. वाहत आलेल्या इवल्याशा शैवालाच्या अंगावर साखरेचा थर असतो. प्रवाळाची प्रथिनं त्या साखरेला धरून बघतात. साखर जुळली, तर शैवाल पचवलं जात नाही, आतच राहतं आणि उन्हातून अन्न करून प्रवाळालाही जगवतं. जन्माची सोयरीक, आणि ठरते नुसत्या चाचपण्यावर! कधी चुकत नसेल का?

परतताना माझा पाय रुतला. सासूबाईंनी मागे न बघता हात दिला. त्यांचा अंगठा माझ्या तळहातावरून फिरला, तशी मला ती लांब फेकलेली तिसरी आठवली.

काठ आला, तरी त्यांनी हात सोडला नव्हता.