लेकराला चुकवून निघणं

मुलीने पुन्हा नोकरी धरली आणि नातीला सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मुलगी सुरतेत गोडादऱ्यातच, आमच्यापासून दोन गल्ल्या पुढे राहते. कतारगामच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं बनवते. नात दहा महिन्यांची. पहिल्या सोमवारी मी नातीपुढे वाट्या-चमचे टाकले. ती रमली, तसं मुलीला खुणावलं, निघ गुपचूप.

"मी सांगून जाणार," ती म्हणाली.

"काय सांगणार? सहा वाजता येते म्हणून? घड्याळ कळतं वाटतं तिला!"

"घड्याळ नाही कळत. मी गेले ते कळतं."

"रडेल."

"रडू दे. मम्मी, तुला चुकवूनच पाठवायचं असेल तर आत्ताच सांग. मी पाळणाघर बघते."

चुकवून निघायचं, हे मी तिच्याच वेळी शिकले होते.

ती दीड वर्षाची असताना मी तिला खानदेशात माझ्या आईकडे ठेवलं. नवरा लूमवर बारा तास, मी घरी साड्यांना टिकल्या चिकटवायचे, आणि एका खोलीत आम्ही दोघं, दीर आणि गावचे आणखी दोन कामगार. फेविकॉलचा डबा ती दोनदा तोंडाला लावून बसली होती. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांची मुलं अशीच गावी होती. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

दिवाळीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी जायचे. चार दिवस ती मला सोडायची नाही. पाचव्या दिवशी कुणीतरी तिला कोंबड्या दाखवायला न्यायचं आणि आई म्हणायची, "पोर खेळी राहिनी, निंघी जाय मांगला दारथीन." मी पिशवी उचलून मागच्या दाराने निघायचे. लेकरू रडलं नाही की आपल्यालाही बरं वाटतं. पाच वर्षं हे चाललं.

शाळेसाठी तिला सुरतेला आणलं तेव्हा ती मला 'सुरतवाली' म्हणायची. नंतर मम्मी म्हणू लागली, पण माझ्यावरची नजर काही हटेना. मी संडासला गेले की बाहेर उभी. भाजीला निघाले की चप्पल माझ्याआधी तिच्या पायात. झोपताना माझा पदर मनगटाला गुंडाळून घ्यायची. मला वाटायचं, माझ्या आईच्या लाडाने पोर हट्टी झालीय. दोनदा मारलं. सवय मोडावी म्हणून एकदा ती झोपेत असताना दाराला बाहेरून कडी लावून बाजारात गेले. परत आले तर ती दाराशी बसून होती. रडत नव्हती. त्यानंतर तिने माझ्या मागे येणं सोडलं. मला वाटलं, सुधारली.

हे सगळं त्या सोमवारी मी तिला बोलून दाखवलं नाही. इतकंच म्हटलं, "बरं, सांगून जा. पण लवकर कर."

तिने नातीला उचललं, तोंडासमोर धरलं आणि नीट सांगितलं, मम्मी कामाला चाललीय, तू आजीजवळ राहा, संध्याकाळी घ्यायला येते. मग तिला माझ्याकडे देऊन पुढच्या दाराने गेली. नातीने असा काही सूर लावला की शेजारीण डोकावून म्हणाली, "शुं थयुं, बेन? चिमटा काढला का?" मी नातीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या. गुडघे दुखतात माझे. दूध घेईना, खिडकीशी थांबेना, पुन्हा पुन्हा दाराकडे झेपावायची. इतका वेळ एका लेकराचं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

सहाला मुलगी आली.

"किती रडली?"

रडलीच नाही, असं तोंडावर आलं होतं. "पाऊण तास," मी म्हटलं. "मग दमून झोपली. उठल्यावर पुन्हा थोडी."

तिने मान हलवली. नातीचे कपडे पिशवीत भरता भरता विचारलं, "आणि मी? मी किती रडायचे?"

"मला माहीत नाही. तोवर मी स्टँडवर पोचलेली असायचे."

"आजीला कधी विचारलं नाहीस?"

"नाही."

ती थोडा वेळ पिशवीची चेन ओढत बसली. चेन अडकत होती. मी माफीबिफी काही मागितली नाही, मला ते जमत नाही. तिनेही वाट पाहिली नाही. नातीला कडेवर घेतलं, चपला घातल्या.

"उद्या जरा लवकर आणते," ती म्हणाली. "रडायला वेळ धरायला हवा."