नोल्फाबाईंची शेगडी आणि पश्चिमेचा वारा

सप्टेंबर लागला, हिवाळा सरत आला की चिलीच्या दक्षिणेतल्या कोयाइके गावात नोल्फाबाई ओयार्सून यांच्या शिवणयंत्राला उसंत नसते. राष्ट्रीय सणाला अख्खं गाव नाचतं आणि नाचायला बायकांना घेरदार झगे लागतात. नेमक्या त्याच दिवसांत बाईंची शेगडी रुसली.

शेगडी पेलेटची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोटभर गोळ्या जाळणारी. वयानं जुनी, पण आजवर मुकाट्यानं चाललेली. आता ती झकास पेटायची, खोली ऊबदार करायची आणि मध्येच शिट्टी वाजवून विझायची. वरच्या काचेवर लाल अक्षरं उमटायची : धूर अडला.

बाईंनी धुराड्याचा पाइप उतरवून झाडला, विजेरी लावून आत पाहिलं. पाइप आरशासारखा स्वच्छ. तरी दुपारी पुन्हा तेच. गारठलेल्या बोटांनी टाके वाकडे पडू लागले.

धाकटे दीर बाउदिलिओ रोज माते, म्हणजे तिकडचा कडवट पानांचा चहा, प्यायला यायचे. त्यांच्या घरी अजून लाकडाची शेगडी होती आणि तिचा त्यांना अभिमान होता.

"वहिनी, माझ्या शेगडीला मी कधी विचारलं नाही, बाई गं, तुझा धूर अडलाय का?"

"तुम्ही विचारत नाही, म्हणून तर गल्ली हिवाळाभर खोकते भाऊजी," बाई म्हणाल्या. "हा घ्या माते, आणि मला विचार करू द्या."

शेगडी जिथून घेतली ते दुकान केव्हाच बंद होऊन तिथं आता पाव मिळत होते. शेगडीच्या पाठीवरच्या पत्र्यावर इटलीतल्या कारखान्याचा नंबर होता, तो लागेना. शोधता शोधता कळलं, कारखाना दुसऱ्या कंपनीनं घेतलाय आणि कंपनीचा माणूस राजधानीत, सांतियागोत बसतो. बाईंनी त्याला फोन लावला.

"हे मॉडेल बंद झालंय, सेन्योरा. सुटे भाग येत नाहीत. नवीन घ्या, हप्त्यानं देऊ."

"घेईनही. पण आधी सांगा, पाइप मोकळा असताना ती धूर अडला असं का म्हणते?"

"ते मलाही माहीत नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला. मग स्वतःहून कारखान्याचा ईमेल शोधून दिला. बाईंनी विझणाऱ्या शेगडीचं चित्रण पाठवलं आणि खाली एवढंच लिहिलं : असं का होतं?

चारेक दिवसांनी सकाळी फोन वाजला. पडद्यावर पांढऱ्या मिश्यांचे एक गृहस्थ. लोरिस झांकेत्ता नाव. नोकरीतून निवृत्त झालेले, पण जुन्या शेगड्यांचे प्रश्न आले की कारखाना त्यांना बोलावून घ्यायचा. ते इटालियनमध्ये बोलत, बाई स्पॅनिशमध्ये. सावकाश बोललं की दोघांचं जमायचं.

"ही माझ्याच हाताखाली तयार झालेली," ते शेगडी निरखत म्हणाले. "मला सांगा बाई, ही विझते तेव्हा बाहेर काय चाललेलं असतं?"

बाई चपापल्या. इतके दिवस त्या शेगडीच्या आतच डोकावत होत्या. बाहेर पाहायचं सुचलंच नव्हतं.

त्यांनी झग्याच्या कापडाची लाल पट्टी कापली आणि धुराड्याशेजारच्या खांबाला बांधली. मग यंत्र खिडकीशी ओढून घेतलं आणि एक डोळा शिवणीवर, एक पट्टीवर ठेवून बसल्या. सकाळभर पट्टी लोंबत होती, शेगडी खुशाल जळत होती. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला. पट्टी आडवी झाली, ताठ झाली, आणि घटकाभरात शिट्टी वाजली. दुसऱ्या दिवशीही तसंच. बाईंना इतका आनंद झाला की बाउदिलिओ आले तेव्हा विझलेल्या शेगडीपुढे त्या हसत बसल्या होत्या.

"वहिनी, थंडी डोक्यात गेली का?"

"सापडलं भाऊजी. वारा पाइपात तोंड घालतो. बिचारीला वाटतं, धूरच बाहेर जात नाही."

"पण वारा काय आजचा आहे?"

प्रश्न रास्त होता. उत्तर बाईंना खिडकीतच मिळालं. पलीकडच्या शेजाऱ्यानं उन्हाळ्यात उंच झाडांची रांग तोडली होती. आजवर वारा तिथं अडत होता. हिवाळाभर हवा पडलेली होती, म्हणून फरक कळला तो आता, वसंताचा वारा सुटल्यावर.

लोरिस यांनी पट्टीचं चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं. "आम्ही चाचण्या घेतल्या त्या बंद दालनात," ते म्हणाले. "आमच्या खोऱ्यात असा वारा नसतोच. दिवसभर असतो का हो? लोक चालतात कसे?"

"वाकून," बाई म्हणाल्या.

मग लोरिस यांनी उपाय सांगितला. पाइप भिंतीतून आडवा काढलाय, तो छतावर चढवायचा आणि डोक्यावर वाऱ्याची टोपी बसवायची. शिवाय नंतरच्या मॉडेलची नियंत्रण-पाटी, म्हणजे शेगडीचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, या शेगडीला चालते. ती वाऱ्याचा झोत आला की आधी पंखा वाढवते, आणि तरीही धूर गेला नाही तरच विझवते. ती पाटी ते पाठवणार होते, पण ती बसवायची मात्र परवान्याच्या मिस्त्रीकडूनच.

पाइपाचं काम मिस्त्री कार्कामो यांनी केलं. शिडी धरायला बाउदिलिओ, कुरकुरत. पाइप वर चढवल्यानं बराच फरक पडला. शेगडी क्वचितच विझू लागली आणि झगे सणाच्या आदल्या संध्याकाळी गिऱ्हाइकांकडे गेले. नाचाच्या मैदानात वाऱ्यानं ते असे फुगले की बाईंना शिवण उसवेल की काय अशी धास्ती वाटत राहिली.

पाटी ऑक्टोबरात आली. ती बसवली त्या आठवड्यात पश्चिमेकडून वादळ आलं. पत्रे थडथडत होते. भर दुपारी बाई आणि बाउदिलिओ शेगडीपुढे खुर्च्या टाकून बसले. झोत आला. पंख्याचा आवाज चढला, ज्योत आडवी झाली, थरथरली आणि पुन्हा उभी राहिली.

"विझली नाही," बाउदिलिओ म्हणाले. मग वाकून काचेत पाहत त्यांनी विचारलं, "वहिनी, त्या म्हाताऱ्याला विचारा ना, पाटीला वारा कळतो तरी कसा?"

"तुम्हाला कशाला हवंय? तुमची तर लाकडाची."

"असंच," म्हणत त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. बाईंनी फोन हातात घेतला. इटलीत संध्याकाळ झाली असेल, पण अजून जेवणाची वेळ झाली नसावी.