ग्रीक पुतळ्यांमध्ये हरवलेली आई
ओल्या लोकरी कोटांचा वास आला की लंडनच्या म्युझियममधली ती दुपार आठवते. पुण्याहून आलेल्या आईला मी ग्रीक शिल्पं दाखवत होते. सर्वांत जुने पुतळे ताठ, हात अंगालगत, ओठांवर एकसारखं हसू; पुढच्या दालनात तोच दगड सैलावून एका पायावर भार देऊन उभा; आणि शेवटी वेदनेनं पिळवटलेली शरीरं. तिथे मागे वळून पाहिलं, तर आई नव्हती. तिच्याकडे फोन नव्हता, इंग्रजीही जेमतेम. एकेक दालन शोधत मी आल्या वाटेनं मागे धावत सुटले. अगदी पहिल्या दालनात, एका हसऱ्या पुतळ्यासमोरच्या बाकावर ती शांत बसलेली दिसली आणि जीव भांड्यात पडला. "आई, अगं किती घाबरले मी!" तिनं परक्या बाईकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि आदबीनं म्हणाली, "बसा ना. माझी मुलगी येईलच आता. तिला यातलं सगळं कळतं." मी तिच्याशेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळानं तिनं माझा हात धरला, म्हणाली, "आलीस?" आता ती माझ्याकडेच असते. रोज सकाळी तिच्या खोलीत शिरण्याआधी मी दाराशी थांबते. आज ती मला ओळखेल का, या भीतीनं.