कोयनेहून कवठेमहांकाळला, पाण्याच्या बाटल्या घेऊन

पाटण मागे पडलं, वळणं सुरू झाली आणि माझी बोलती बंद झाली. मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुण्याच्या प्रयोगशाळेत पाण्यातलं युरेनियम मोजणं हे माझं काम. तिथली खुर्ची हलत नाही. या वेळी मात्र नमुने आणायला मलाच धाडलं होतं. आपल्या काळ्या पाषाणाखाली खूप खोलवर ग्रॅनाइट आहे. त्याला भेगा पडल्या की त्यातलं युरेनियम पाण्यात उतरून वर येतं का, हा आमचा प्रश्न.

कोयनानगरला एका झऱ्याकाठी मीटर धरून बसलो होतो. आधी जवळून ट्रक गेल्यासारखा आवाज आला, मग पायाखालचा दगड हलला. मी ओरडलो का ते आठवत नाही, पण मीटर हातातून सुटून पाण्यात गेला. शेजारच्या टपरीवरच्या आजोबांनी चहाची बशीसुद्धा खाली ठेवली नाही.

"लय घाबारला व्हय?" ते म्हणाले. "बारका धक्का व्हता ह्यो. फळीवरची भांडी पडली की मगच आमी उठतो."

मी हसलो आणि पाण्यात हात घालून मीटर बाहेर काढला. तो कायमचा बंद पडला होता. पाण्यात क्षार किती, हे जागेवर सांगणारं तेवढंच एक यंत्र माझ्याजवळ होतं.

दुसऱ्या दिवशी कवठेमहांकाळ. डोंगर संपून माळ लागला, मधूनच द्राक्षबागा, मेंढरांचे कळप. हिराबाईंच्या वस्तीवरची बोअर आसपासच्या सगळ्यांत खोल, म्हणून आमच्या यादीत ती पहिली. त्यांची सून पाच महिन्यांची गरोदर होती. पाणी तपासायला माणूस येणार हे कळल्यापासून बाईंनी तिच्यापुरता विकतच्या पाण्याचा जार लावला होता.

"पयलं प्वाट र्‍हायलं न्हाई तिचं, पडलं," त्या हळूच म्हणाल्या. "ह्या पाण्यानं तर न्हाई?"

"तपासल्याशिवाय नाही सांगता येणार, मावशी."

त्यांनी सुनेकडे पाहिलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

लाईट नसल्यामुळे पंप बंद होता. लाईट आली की भरून ठेवा, असं सांगून मी बाटली त्यांच्याकडे दिली आणि पुढच्या दोन वस्त्या करून आलो. बाटली भरून, पुसून उंबऱ्यावर ठेवलेली होती. भाकरी आणि खरडा (तव्यावर ठेचलेली हिरवी मिरची) खाल्ल्याशिवाय बाईंनी सोडलं नाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी जेवलो.

पुण्यात तपासणी झाली. त्या बाटलीत युरेनियम जवळजवळ नव्हतंच. इतकं हायसं वाटलं की अहवाल लिहिण्याआधीच फोन लावला.

"मावशी, बिनधास्त प्या."

त्या रडल्याच. "आजच जार बंद करते," म्हणाल्या.

आठ दिवसांनी अहवाल लिहायला बसलो. त्यात एक रकाना असतो: पंप किती वेळ चालवून नमुना घेतला? म्हणून पुन्हा फोन केला.

"पंप कुठला? लाईट आली सांजच्याला, तुमी गेल्याव," हिराबाई म्हणाल्या. "पाव्हण्याला रिकाम्या बाटलीनं कसं लावून द्यायचं? मला वाटलं, वाटंला प्यायचीच बाटली हाय तुमची; जारचं भरलं. तुमाला खारट पाणी न्हाई दिलं."

जारच्या पाण्यात क्षार जेमतेम असतात. मीटर असता तर तिथल्या तिथे कळलं असतं.

"मावशी, जार परत लावा."

"का वो? तुमीच म्हणला की प्या. काय निघालं त्यात?"

"काहीच नाही निघालं. तुमचं पाणी मी तपासलंच नाही."

हातात बाटल्या घेऊन मी गावोगाव हिंडलो. माझ्या एका शब्दावर एखादं घर आपलं पिण्याचं पाणी बदलतं, हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं. पलीकडून हिराबाईंनी सुनेला हाक मारलेली ऐकू आली.

"आगं, त्यो तांब्या ठिव खाली."