लूमच्या आवाजात गेलेलं ‘नको’

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तू मध्ये बोलू नकोस — थांबलो तर पुन्हा जमायचं नाही.

आमचं ऑफिस निजामपुऱ्यात, खाली पॉवरलूम, दिवसभर खडखडाट. गोदामातले बारकोड वाचणारी लायब्ररी — म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांना वापरता येईल असा तयार कोड — मी सी भाषेत लिहिली होती. एकट्याने. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग शबाना आली. माझी लायब्ररी पायथन या दुसऱ्या भाषेतून वापरता यावी म्हणून तिने मधला जोड लिहिला — बाइंडिंग — आणि वळ गावातल्या गोदामांत सगळीकडे ती चालू झाली. लोक म्हणायला लागले, शबानाची लायब्ररी. अरे, माझी ना ती? नुसता जळफळाट व्हायचा. तिचं हसणंसुद्धा डोळ्यांत खुपायचं.

आता एवढंच समजून घे — प्रोग्रामने घेतलेली मेमरी काम झालं की सोडायची, पण एकदाच. दोनदा सोडली की प्रोग्राम पडतो. तिने येऊन विचारलं, “ही मी सोडू?” माझी लायब्ररी ती आतच सोडत होती. मी म्हटलं, “सोड.” चुकून? छे. पण सांगायचंय ते याच्याही पुढचं आहे.

मेमरीची चूक होते एकीकडे, प्रोग्राम पडतो भलतीकडेच. कधी पडतो, कधी नाही. गोदामात ट्रक खोळंबायचे, साहेब तिच्यावर ओरडायचे, ती जेवण सोडून शोधत बसायची. मी तिला चहा नेऊन द्यायचो — आणि मला बरं वाटायचं. शेवटी तिने शोधलंच. सगळ्यांसमोर म्हणाली, तूच सोड म्हणालास ना?

“सोडू नको म्हटलं होतं,” मी म्हणालो. “लूमच्या आवाजात ‘नको’ गेलं असेल.”

तिचा हात कानाकडे गेला. तिच्या अब्बांनी जन्मभर लूम चालवले, आता त्यांना काहीच ऐकू येत नाही — हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. म्हणून तर तेच सुचलं.

बाइंडिंगचं काम माझ्याकडे आलं. तिने कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत. तिला ते पटत नाही. हल्ली साधं काही सांगितलं तरी ती पुन्हा सांगायला लावते, फोन घ्यायचं टाळते. मीटिंगमध्ये शेजारची खुर्ची माझ्यासाठी धरून ठेवते. म्हणते, तू जवळ बस, तुझं स्पष्ट ऐकू येतं.

मी बसतो.