लिंबोणीच्या आळ्यातला कोळसा

धायरीत आमची तीन गुंठे जागा उरली होती. बाकीच्या जमिनीवर बारा-बारा मजले उभे आहेत आणि त्यांना कुठल्या कुठल्या विलायती बागांची नावं आहेत. बाग तेवढी एकही नाही. या तीन गुंठ्यांत माझा थोरला भाऊ मेथी-कोथिंबीर लावायचा आणि मधोमध कागदी लिंबाचं एक झाड होतं. आई गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी राख सावडली ती आम्ही नदीत सोडली नाही. हल्ली आमच्याकडे शेतातच खड्डा घेऊन त्यात राख घालतात आणि वर रोप लावतात. आईच्या हातचं लिंबाचं लोणचं अख्ख्या गावात जायचं, म्हणून दादाने लिंबोणी लावली.

तिसऱ्या वर्षी लिंबं धरली. तेव्हापासून पहिली पाच लिंबं पिशवीत घालून दादा बसने शनिवार पेठेत माझ्याकडे यायचा, चहा घ्यायचा आणि उठायचा. मी अठराव्या वर्षी गाव सोडून पेठेत आलो, मोटार वाइंडिंगच्या दुकानात चिकटलो आणि चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या जळलेल्या मोटारी भरत बसलो. धायरीला जाणं म्हणजे दिवाळी, नाहीतर कुणाचं तरी कार्य. दोघा भावांत भांडण असं काही नव्हतं. बोलण्यासारखंच काही नव्हतं.

दादाच्या दोन्ही मुलांना ती जागा बिल्डरला द्यायची होती. मुलं वाईट नाहीत. त्यांनी बापाला कधी उलट उत्तर दिलं नाही. पण विषय निघाला की दादाचं एकच ठरलेलं असायचं: आईचं झाड हिरवं हाय तवर जागा द्यायची न्हाई. मुलं झाडाकडे बघत.

मग झाडच बसायला लागलं. शेजारच्या बांधकामवाल्याने आमच्या जागेत रातोरात राडारोडा ओतला होता. तक्रार केल्यावर त्याने उपकार केल्यासारखा तो पसरून वरून रोलर फिरवला. खाली सिमेंटचे तुकडे, वर घट्ट मुरूम. पाणी घातलं की तासभर डबकं साचून राहायचं. लिंबोणीची पानं पिवळी पडली. त्या वर्षी दादा लिंबं न घेताच माझ्याकडे आला. मी नुकताच दुकानातून निवृत्त झालो होतो आणि घरात बसून पंख्यांना नावं ठेवत होतो. दादा म्हणाला की माती मेलीय, तुझ्या डोक्यातनं काही निघतंय का बघ. आयुष्यात त्याने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी नाही कसा म्हणणार होतो?

मी वाचलं, विचारलं, चार ठिकाणी जाऊन पाहिलं. शेतातला वाळका कचरा हवा न लागू देता तापवला तर तो जळून राख होत नाही, त्याचा कोळसा होतो. तो शेणकाल्यात पंधरा-वीस दिवस मुरवून मातीत घातला तर माती भुसभुशीत होते, पाणी धरते. याला बायोचार म्हणतात. दादा कोळसाच म्हणायचा. मी त्याला सांगितलं, कोळसा म्हटलं तर लोक नाक मुरडतात, बायोचार म्हटलं की फोटो काढतात. पण पेटवापेटवीची सोय नव्हती. दादाने एकदा पाला पेटवला तर वरच्या गॅलऱ्यांतून सात जणांनी व्हिडिओ काढले आणि दुसऱ्या दिवशी माणूस नोटीस घेऊन हजर. यांच्या बारा मजल्यांची धूळ आम्ही चार वर्षं खाल्ली, तिचा व्हिडिओ कुणी काढला नाही.

म्हणून मी उन्हावर चालणारी भट्टी केली. जाड पत्र्याचं पिंप, भोवती उष्णता धरणारी लोकर, आत मी स्वतः गुंडाळलेली हीटरची तार. शेडच्या छपरावर कुणीतरी काढून टाकलेली सोलरची पॅनेलं. सकाळी दहाला सुरू, चारला बंद. पिंपातून निघणारा गॅस नळीने एका बर्नरवर नेला होता, तिथे तो निळा जळून जायचा. धूर नाही, वास नाही. वाइंडिंगवाल्याच्या हातात तार आली की त्याला दुसरं काही सुचत नाही. मी रोज स्वारगेटहून बस धरून धायरी गाठू लागलो.

वहिनी आधीच गेल्या होत्या. दादा घरून भाकरी बांधून आणायचा, आठवड्याभरात तो माझ्या वाटणीच्याही दोन आणू लागला. भट्टी तापत असायची आणि आम्ही शेडच्या सावलीत जेवायचो. आई लोणच्यात गूळ घालायची की साखर, यावर आम्ही तीन दिवस वाद घातला. दादा म्हणे गूळ, मी म्हणे साखर. तिसऱ्या दिवशी तो हसत म्हणाला की तुला शहरात गेल्यावर साखरच आठवणार. चाळीस वर्षांत आम्ही बोललो नव्हतो एवढं त्या उन्हाळ्यात बोललो.

मक्याची ताटं, वाळका पाला, तुराट्या, सगळ्याचा कोळसा केला. मेथीच्या वाफ्यात घातला तर मेथी अशी तरारली की वरच्या गॅलरीवाल्याच खाली येऊन जुडी मागू लागल्या. थोडा लिंबोणीच्या आळ्यातही घातला आणि पावसाळ्यात तिनेही नवी पालवी काढली. दादा रोज सकाळी जाऊन पानं हाताळायचा. आणि मी? मी फुगलो. खरं सांगायचं तर डोक्यात हवा गेली.

दिवाळीनंतर वाघोलीच्या कॉलेजातली सात-आठ मुलंमुली भट्टी बघायला आली. काका, कसलं अमेझिंग आहे हे, टोटली सोलर? असं चाललं होतं. त्यातल्या एकीने विचारलं, फूड वेस्ट पण प्रोसेस करता का? मी म्हणालो, करतो की. करत नव्हतो. खोटं बोललो. साठीला टेकलेला माणूस, पोरांपुढे शायनिंग मारायला गेलो. मग ते खरं करणं भाग आलं.

तुळशीचं लग्न होऊन मुहूर्त सुरू झाले होते. जवळच्या मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाला जाऊन भेटलो, तर त्याने माझे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. उष्टं न्यायला स्वतःहून आलेला माणूस त्याने पाहिला नव्हता. मसालेभात, पुऱ्या, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पापड, पानात तशीच टाकलेली लोणच्याची फोड. सगळं मी काळ्या जाळीखाली पत्र्यावर उन्हात वाळवलं. धायरीतले झाडून सगळे कावळे आमच्याकडे मुक्कामाला आले.

पहिला घाणा निघाला तो काळाभोर, चकचकीत. शेणकाल्यात मुरवायला घेणार तेवढ्यात दादा आला. त्याने चिमूटभर उचलला आणि जिभेवर ठेवला. त्याची ही जुनी सवय. नव्या विहिरीचं पाणी, नव्या वावराची माती, तो सगळं असंच बघायचा.

"खारट लागतंय रे, धाकल्या."

"कोळसा खारट नसतो, दादा. शास्त्र आहे हे."

कसल्या तोऱ्यात बोललो मी ते! दादाने उपरण्याच्या टोकाला जीभ पुसली आणि पाण्याचा पाइप उचलून मेथीकडे गेला. तीन आठवड्यांनी मी त्यातली सहा घमेली लिंबोणीच्या आळ्यात घातली. मेथीला घातला होता त्यापेक्षा दुपटीने जास्त. आईच्या झाडाला कमी कशाला?

संक्रांतीच्या सुमारास पानांच्या कडा करपल्या. मी म्हटलं थंडी. मग म्हटलं पाणी कमी पडतंय, पाणी वाढवलं. मग म्हटलं रोग, निंबोळी अर्क फवारला. पानं टोकांकडून आत आत तपकिरी होत गेली आणि गळू लागली. दादा भाकरी आणत होता, गूळ की साखर हेही कधी कधी काढत होता, पण जेवताना आता त्याची पाठ झाडाकडे असायची.

एका दुपारी तो बाजारात गेला असताना मी उरलेल्या पोत्यातला मूठभर कोळसा पाण्याच्या पेल्यात टाकला, ढवळला, बसू दिला आणि वरचं पाणी प्यायलो. लोणच्याची बरणी विसळलेल्या पाण्यासारखं लागलं ते. मीठ जळत नाही. अन्नाचं पाणी गेलं, वाफ गेली, गॅस गेला, चार पोत्यांचं एक पोतं झालं आणि चार पोत्यांचं मीठ त्या एका पोत्यात बसून राहिलं. चाळीस वर्षं जळक्या मोटारी उघडणाऱ्या माणसाला हे कळू नये? जे जळत नाही ते मागे उरतं, एवढंच तर माझ्या धंद्याचं ज्ञान होतं. लिंबू आणि मीठ. आई बरणीत करायची ते मी तिच्याच झाडाच्या मुळाशी करून ठेवलं होतं.

मी आळं उकरलं, कोळसा काढला, मीठ धुऊन जावं म्हणून पाणी सोडलं. खाली रोलरने दाबलेला राडारोडा. पाणी उतरेचना, मीठ जाणार कुठे? दादा परत आल्यावर मी सांगितलं की माती बदलतोय. तो बरं म्हणाला.

शिमग्यापर्यंत झाडाच्या काटक्या राहिल्या. दादा एका सकाळी झाडापाशी बराच वेळ उभा होता. मग शेडमध्ये येऊन म्हणाला की आईला आता हितं करमत न्हाई. त्याच दिवशी त्याने स्वतः दोन्ही मुलांना बोलावून घेतलं आणि बिल्डरला होकार कळवायला सांगितलं. सही दहा दिवसांनी ठरली.

दहा दिवस होते माझ्याकडे. झाड आपणहून गेलं नाही, आईचा त्यात काही संबंध नाही, ते माझ्या शहाणपणाने गेलं, एवढंच सांगायचं होतं. सांगितलं असतं तर कदाचित त्याने दुसरं झाड लावलं असतं, त्याच राखेवर. रोज बसमध्ये मी वाक्य जुळवत जायचो, आणि रोज त्याच्या भाकरी खाऊन परत यायचो. मला त्याची लाज वाटते. अजूनही भाकरी समोर आली की वाटते.

सही झाली. जागा मोकळी करायच्या दिवशी दादाच्या थोरल्या मुलाने झाड बुंध्यापासून कापलं. तो फांद्या ओढत रस्त्याकडे गेला आणि आम्ही दोघंच खुंटापाशी उरलो. तेव्हा माझ्या तोंडातून निघालं.

"दादा, झाड माझ्या कोळशानं मेलं. मीठ होतं त्यात."

"ठाऊक हाय. चाखलं व्हतं की मी."

मला राग आला. चूक माझी, आणि राग त्याच्यावर. माझा स्वभावच तसला. मी ओरडलोच, मग अडवलं का नाहीस मला?

तो खुंटावरचा भुसा हाताने झाडत होता. "अडवलं असतं तर तू रागानं भट्टी बंद करून गेला असतास. चाळीस वर्सांनी रोज यायला लागला व्हतास." मग म्हणाला, "वाटलं, लिंबोणी सोसंल."

मी तिथेच मातीत बसलो. तो माझ्या शेजारी बसला नाही, हात धरला नाही, आमच्यात तसलं नसतं. थोड्या वेळाने त्याने रस्त्याकडे जाऊन मुलाला फांद्या परत आणायला लावल्या आणि कोयत्याने त्यांचे वीतभर तुकडे करायला बसला. भट्टी अजून जोडलेली होती. शेवटचं पिंप आम्ही आईच्या झाडाचं भरलं. ऊन चांगलं होतं. दिवसभर निळी ज्योत जळत होती आणि वरच्या गॅलऱ्यांत कुणालाही काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी झाकण काढलं. लिंबाचं लाकूड चिवट, तुकडे अख्खेच्या अख्खे निघाले, एकावर एक आपटले की खणखणत होते. दादाने एक कोपरा मोडला, बोटाने चुरला आणि जिभेवर ठेवला.

"आळणी हाय," तो म्हणाला.

त्या जागेवर आता पत्र्याचं कुंपण आहे आणि आत खड्डा आहे. दादा धाकट्या मुलाकडे वाघोलीला राहतो, सातव्या मजल्यावर. माझ्याकडून दोन बस बदलून जावं लागतं. मी दोनदा गेलो. दोघं टीव्हीपुढे बसलो, सूनबाईंनी चहा दिला, मी उठलो.

आईच्या झाडाचा कोळसा एका पोत्यात भरून माझ्या गॅलरीत ठेवलाय. मुरवून मातीत घालायचा, तर आमची म्हणावी अशी माती आता कुठेच नाही. शेजारच्या बाई विचारतात, शेगडीला द्याल का थोडा? मी नाही म्हणतो. दर रविवारी दादाचा फोन येतो. तब्येत, पाऊसपाणी असलं तो काही विचारत नाही.

"पोतं हाय का रे?"

"आहे."

"असू दे," तो म्हणतो आणि फोन ठेवतो.