अर्धी गोळी
संत्र्याच्या गोळीचा वास आला की कळवणची आमची शाळा आठवते. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. मुलांच्या वागण्याचा अभ्यास करायला नाशिकहून एक मॅडम आल्या होत्या. रिकाम्या वर्गात त्यांनी माझ्या हातावर एक गोळी ठेवली. "तू खा, नाहीतर बाहेर बसलेल्या मुलीला दे. दोन्हीपैकी एकच." मी गोळी फ्रॉकमध्ये धरून चिमणीच्या दातांनी फोडली, अर्धी तोंडात टाकली आणि उरलेली घेऊन उठले. "अगं, उष्टी देतेस?" "उष्टी नाय, मधी फ्रॉक होता." "पण असं चालत नाही!" "आमच्याकडं असंच चालतं," म्हणत मी बाहेर जाऊन तिला अर्धी दिलीच. मॅडम आमच्या बाईंना म्हणाल्या, "हिला प्रश्न समजला नाही." एवढ्या वर्षांनी सांगते, चांगला समजला होता. मान्य नव्हता.